पंधरा तासांवरचा मुलगा

आमच्या घरमालकाला रिकामं आकाश सहन व्हायचं नाही. डोक्यावरून विमान गेलं की हा गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून उभा. "दोहा," म्हणायचा. नाहीतर "सिंगापूर." कुणी विचारलेलं नसायचं. खाली मी ज्वारी निवडत असायची, त्याची बायको धुणं पिळत असायची. पुन्हा वरून आवाज, "अजून अडीच तासात उतरतंय बघा." उतरू दे की. आम्हाला कुठं त्यात बसायचं होतं? त्याला खोटं पाडायला वर कोण जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गल्लीत सगळे त्याला कंट्रोलर म्हणत. नोकरीच ती होती. स्टँडवरच्या खोलीत माइकपुढं बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, ते ओरडायचं. माझं माहेर आष्ट्याचं. हा आधी तिकडच्या स्टँडवर होता. त्यामुळं त्याचं तोंड बघायच्या किती तरी आधी मी त्याचा आवाज ऐकलेला आहे. पुढं लग्न होऊन साताऱ्याला आले, माझे मालक एमआयडीसीत कामाला लागले आणि राहायला खोल्या मिळाल्या त्या नेमक्या याच्याच. मालक गेले तरी मी तिथंच राहिले. समोर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही.

नोकरी सुटली पण माइक सुटला नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा. "पाणी आलेलं आहे. नळाला पाणी आलेलं आहे." आंघोळीला निघाला तरी जाहीर करून निघायचा. जेवायला पाटावर बसला आणि ताट जरा उशिरा आलं तर, "आज लेट आहे का?"

त्याची बायको, तिला मी अक्का म्हणायची, तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची, "गाडी डेपोतनं निघाली हाय. फलाटावर बसून ऱ्हावा."

अक्का अशी होती. त्याच्यासारख्या माणसाबरोबर राहायचं तर बाईला दोनच वाटा असतात, वेड लागणं किंवा थट्टा करणं. तिनं थट्टा निवडली.

आणि एवढ्या गाड्या सोडणारा हा माणूस स्वतः गाडीत बसत नसे. त्याला गाडी लागायची. शिरवळच्या पुढं गेला की लिंबू हुंगत, खिडकीतून डोकं बाहेर काढून. पुण्याच्या एका लग्नाला गेला तर मांडवात पोचून तासभर आडवाच पडला होता, नवऱ्या मुलापेक्षा त्याच्याभोवती जास्त माणसं. त्यानंतर त्यानं प्रवास सोडून दिला. म्हणजे बघा, जन्मभर जो माणूस फलाटावर उभा राहिला, त्याच्या दृष्टीनं गाडी सुटली की काम संपलं. मध्ये घाट असतो, टायर फुटतो, पोर रडतं, बाईला उतरायचं असतं आणि थांबा नसतो, हे बसणाऱ्याला कळतं. याच्या लेखी सुटली म्हणजे पोचली.

त्यांना एकच मुलगा, संजू. शिकला आणि कॅनडात टोरांटोला गेला. जाताना बापाला नवा मोबाइल घेऊन दिला आणि तिथून आमच्या गल्लीचं वाटोळं झालं. त्या मोबाइलवर एक पान उघडायचं. त्यात इकडं मुंबईचं विमानतळ लिहायचं, तिकडं टोरांटोचं. खाली आकडा यायचा, साडेबारा हजार किलोमीटर. त्याच्याखाली दुसरा आकडा, पंधरा तास. बस. कंट्रोलरला नवा माइक मिळाला.

"पंधरा तास," दुधवाल्याला सांगायचा. "पंधरा तास," केस कापणाऱ्याला. "आमचा संजू काय लांब न्हाई. संध्याकाळी बसला की सकाळी चहाला हितं."

मी एकदा म्हणाले, "आवं कंट्रोलर, एवढा जवळ हाय तर दिवाळीला का न्हाई आला?"

"रजा नव्हती."

"आणि गेल्या साली?"

"वैनी, अंतराचा आणि रजेचा काय संबंध? अंतर हाय तेवढंच ऱ्हातं."

हे मात्र खरं होतं. अंतर राहत होतं तेवढंच. मुलगा एकदा येऊन गेला होता, तोही अर्धा वेळ सासुरवाडीला.

अक्का मला हळूच विचारायची. "खरंच का गं पंधरा तास?" तिला वाटायचं, मी खरं सांगेन. मी चौथी शिकलेली, मला विमानाचं काय कळणार. मी म्हणायची, "आकडा खरा असंल. पोरगा खरा हाय का बघा." ती हसायची. मोबाइलवर तो दिसायचा तेव्हा दोन शब्द बोलून ती कामाला लागायची. म्हणायची, "काचंतलं पोरगं. हात लावला की काचच लागती."

गल्लीत मात्र कंट्रोलरला मान होता. पूर्वीपासून होता. कुणी गेलं की पाहुणे कुठल्या गाडीनं येतील, लेक सांगलीहून कधी पोचेल, माती किती वाजता ठेवायची, हे त्याला विचारायचे. तेव्हा तो बरोबर सांगायचा, गाड्या त्याच्या तोंडपाठ होत्या. मग बागवानचाचा वारले. त्यांचा मुलगा दुबईला. मय्यत कधी उचलायची म्हणून घरचे अडले, तर हा मोबाइल काढून उभा राहिला आणि वेळ सांगितली. मुलगा त्या वेळेला खरंच दारात. दुबई काय, जवळच. त्या पोराला सरळ विमान मिळालं आणि बाप जायच्या आधीच कुणी तरी त्याला कळवून विमानतळावर पोचवलं होतं. पण लोकांना एवढं कोण सांगणार? एकदा बरोबर आलेला मूर्ख दहा शहाण्यांना भारी पडतो. त्या दिवसापासून परदेशातल्या पोरांच्या आया त्याच्याकडं येऊ लागल्या. तोही देवळातल्या पुजाऱ्यासारखा प्रत्येकीच्या हातावर तिचा तिचा आकडा ठेवायचा. सिडनी एवढे तास. लंडन एवढे. बाया समाधानानं घरी जायच्या. पोरं होती तिथंच.

एका उन्हाळ्यात अक्का आजारी पडली. पोटात पाणी धरलं, पाय सुजले. दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हाच मी समजले. डॉक्टर घरी पाठवतात तेव्हा बरं वाटलं म्हणून पाठवत नाहीत.

मी सरळ म्हणाले, "संजूला बोलवा."

"बोलवू की. वेळ हाय अजून."

"कशाचा वेळ?"

"डॉक्टर म्हणाले, आठ-पंधरा दिवस काढतील. पंधरा तासांचा तर प्रश्न हाय वैनी. आत्ताच बोलवून त्याची रजा हितं बसून घालवायची, आणि ऐन वेळेला..."

"ऐन वेळेला काय? मेल्यावर यायला रजा शिल्लक ठेवताय का?"

मी असं बोलते. त्याला राग आला नाही, कारण त्यानं ऐकलंच नाही. त्याच्या डोक्यात पंधरा तास बसले होते. मुलगा म्हणजे फलाटावर लावून ठेवलेली गाडी. हात केला की निघणार.

अक्का मात्र रोज दाराकडं बघायची. जेवण तुटलं. एके दिवशी मला म्हणाली, "आता थट्टा बास झाली बाई. मला त्याला बघायचंय. ह्यास्नी सांग, बोलवा म्हणावं. मी सांगितलं तर मला आकडाच सांगत्यात."

मग मी कंट्रोलरला गच्चीवर जाऊन धरलं. शेजारपाजारच्या चार बायका बरोबर नेल्या. एकटीचं त्यानं ऐकलं नसतं. त्याच संध्याकाळी त्यानं फोन लावला. तिकडं सकाळ होती.

"संजू," तो म्हणाला. आवाज भरून आला होता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. "आई सिरियस हाय. लगेच निघ. घाबरू नको. काहीतरी खाऊन निघ. धीर सोडू नको."

पलीकडं पोरगा रडायला लागला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

"निघाला," कंट्रोलर म्हणाला. "निघाला आहे."

मी म्हणाले, "तिकीट तर काढू द्या त्याला."

"वैनी, तिकडं आपल्यासारखं नसतं. मोबाइलवर तिकीट, की चालला."

थोड्या वेळानं पुन्हा फोन लावला. बंद. "बंद म्हणजे विमानात बसला. विमानात बंद ठेवावा लागतो." आणि आत जाऊन अक्काला मोठ्यानं सांगितलं, दोनदा. "संजू निघालेला आहे. टोरांटोहून संजू निघालेला आहे."

तिचं तोंड असं उजळलं की मला पुढं बोलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं घोषणा सुरू केल्या. हातात मोबाइल, डोळ्यावर चष्मा, आणि खाटेच्या पायथ्याशी उभा.

"कुठवर आला?" अक्का विचारायची.

"इराणच्या वर असंल."

"म्हंजे किती ऱ्हायलं?"

"अर्ध्याच्या वर झालं."

मग समुद्र आला. मग मुंबई आली. मुंबईपासून पुढचं तर त्याचं पाठच होतं. पनवेल झालं, लोणावळा झालं. विमान कुठल्या घडीला सुटलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा घरातून निघाला, हेही कुणी सांगितलं नव्हतं. फोन ठेवला त्या क्षणाला त्यानं गाडी सुटली असं धरलं आणि तिथून आकडा मोजत आणला. मी पाहत होते आणि मला चीड येत होती. पण मीही फसले. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. त्या आवाजानं "शिरवळ" म्हटलं की माणूस पिशव्या उचलतो. कुणी तरी भात टाकला. कुणी दारातली पादत्राणं बाजूला केली.

अक्का म्हणाली, "माझं केस विंचर गं. असलं तोंड घेऊन कसं भेटू?"

मी तिला उशीला टेकवून बसवलं. केस किती उरले होते? पण विंचरले. हिरवं लुगडं पाहिजे म्हणाली, ते अंगावर नुसतं गुंडाळलं. कुंकू लावलं. आरसा मागितला, तो मी सापडत नाही म्हणून सांगितलं.

"खंबाटकी उतरला," कंट्रोलर दारातून म्हणाला.

आम्ही सगळ्या दाराकडं बघत बसलो. चहाची वेळ टळून गेली. भाताला पापुद्रा धरला. गल्लीत एक रिक्षा आली, कंट्रोलर धावला, ती पुढच्या घराची निघाली. "लेट हाय," तो आत येऊन म्हणाला. "हायवेला ट्रॅफिक असतं." अक्काची मान कलायला लागली होती, पण ती डोळे मिटेना.

तेवढ्यात फोन वाजला. हा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं ऐकलं नाही तर त्याला बोलल्यासारखं वाटत नसे.

"पप्पा," संजूचा आवाज. रात्रभर रडून बसलेला. "झालं का सगळं?"

"काय झालं? कुठं हायेस तू? पाचवडला आलास का?"

"घरी आहे पप्पा. टोरांटोला. दहाव्याला पोचतो, तिकीट काढलंय. माती... माती किती वाजता केली?"

खोलीत आम्ही पाच-सहा बाया. कंट्रोलरच्या तोंडातून आवाज निघेना. सगळ्या जन्मात मी त्याला तसा एकदाच पाहिला.

अक्काच बोलली. "कुनाची माती इचारतोय ग त्यो?"

मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "संजू, मावशी बोलती. तुझी आई हितं केस विंचरून तुझी वाट बघत बसली हाय. ती जिती हाय. कुठली माती इचारतोस रं?"

दोष त्याचाही नव्हता. आमच्याकडं मेल्याची बातमी फोनवर कुणी मेला म्हणून देत नाही. लांबच्या माणसाला वाटेत काही होऊ नये म्हणून "सिरियस आहे, या" एवढंच सांगतात. माझे वडील वारले तेव्हा मलाही आष्ट्याहून तसाच निरोप आला होता. मी एसटीत बसायच्या आधीच रडून घेतलं. इथं ते सगळ्यांना कळतं. संजू इथंच वाढलेला.

"पप्पा सिरियस म्हणाले," तो हुंदके देत सांगत होता. "धीर सोडू नको म्हणाले, खाऊन निघ म्हणाले. आज्जी गेली तेव्हा मला होस्टेलवर असंच सांगितलं होतं, शब्द न् शब्द. मला वाटलं, आई गेली. सरळ विमान नव्हतं. बदलून यायचं म्हटलं तर दोन दिवस. एवढ्या उन्हात तुम्ही थांबणार नाही. मग म्हटलं, आता कशाला धावायचं."

त्यानं हिशेब केला होता. बापाचाच मुलगा.

मी फोन अक्काच्या कानाला लावला. मला वाटलं, ती कोसळेल. तर ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"अजून व्हायची हाय रं," म्हणाली. "ये तू. उशीर झाला तर हे हाईतच की येळ सांगायला."

मुलगा त्याच दिवशी निघाला. खरोखर निघाला. घरातून विमानतळ, तिथं आधी जाऊन बसणं, मग एक विमान, मग परक्या गावात दुसऱ्या विमानाची वाट. ते पंधरा तास कुठं राहिले कुणास ठाऊक. आता मोबाइलवर त्याचं खरं विमान दिसत होतं. निळ्या समुद्रावर एवढंसं पाखरू, मुंगीच्या पावलानं सरकणारं. कंट्रोलरकडं या वेळी खरं उत्तर होतं. पण अक्कानं विचारणं सोडून दिलं होतं. आदल्या दिवशी ती शिरवळपर्यंत, खंबाटकीपर्यंत त्याच्याबरोबर आली होती, दारापर्यंत आली होती. तेवढा प्रवास पुन्हा करायचं बळ तिच्यात नव्हतं.

तो मात्र सांगत राहिला. आवाज बारीक झाला होता एवढंच. "समुद्र ओलांडतोय गं," म्हणायचा. "ऐकतीस न्हवं? समुद्र ओलांडतोय." ती त्याच्याकडं नुसती बघत राहायची.

दुपारी ती गेली. मुलगा पहिल्याच विमानात होता.

बर्फाची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला संजू मुंबईत उतरला आणि त्यानं बापाला नाही, मला फोन केला. "मावशी, खरं सांगा. सिरियस म्हणू नका."

"गेली," मी म्हणाले. "काल दुपारी. थांबवलंय तुझ्यासाठी. सावकाश ये, ड्रायव्हरला पळवायला लावू नको."

बायकांनी मला नावं ठेवली. असं कुणी फोनवर तोडून सांगतं का म्हणाल्या. मी सांगते. त्या पोराला सगळ्यांनी जपून सांगितलं म्हणून तर तो तिकडं बसून राहिला.

तो आला, त्यानं आईला पाहिलं, मग माती झाली. कंट्रोलर आजही आहे. आजही बाया विचारायला येतात आणि तो सांगतो. आता आकडा वाढवून सांगतो एवढंच. घरातून विमानतळ, आधी जाऊन बसणं, मधलं थांबणं, सामानाची रांग, घाट, सगळं धरून. बायको गेली तेव्हा या माणसानं हिशेब दुरुस्त केला.

आणि गल्लीतले लोक अजून म्हणतात, अक्का नशिबाची, एवढ्या लांबून मुलाला तिचं तोंड बघायला मिळालं. माझ्यासमोर म्हणतात तेव्हा मी उठून जाते. मेलेल्याचं तोंड कुणी पाहिलं याला काय किंमत आहे? जाताना तिला कुणाचं तोंड दिसलं, ते मला विचारा. मी उशाशी होते. तिच्या पायथ्याशी तिचा नवरा उभा होता, आणि तो खाली मान घालून मोबाइलमध्ये बघत होता.